दुपारी दोनची भिंत

चंद्रपुरात घर शोधत होतो, तेव्हा एक दलाल बाई भेटली होती. भर मे महिन्यात ती गिऱ्हाइकाला बरोबर दुपारी दोनला बोलवायची.

"सकाळी का नाही दाखवत?" मी वैतागून विचारलं.

"सकाळी तं सारीच घरं चांगली वाटते, भाऊ."

पहिल्या घरात तिने पश्चिमेच्या भिंतीवर तळवा टेकला. मीही टेकला आणि चटका बसताच काढला. तिचा तसाच होता. "तुमच्या तान्ह्या पोरीले इथी झोप नाई लागणार," ती चक्क घरमालकासमोर म्हणाली. मी थक्क झालो.

तिसऱ्या घरात कडुनिंबाच्या सावलीतल्या भिंतीला तिने गाल लावला, डोळे मिटले. "हे घ्या."

तिचा चेहरा आता आठवत नाही. पोरगी मात्र उन्हाळाभर दुपारी त्याच भिंतीला गाल लावून झोपते.