यंत्राची शाबासकी

युनिव्हर्सिटीत इंग्रजीचा एकही तास मी चुकवत नाही. लॅबच्या दारात स्टूलवर बसायचाच मला पगार मिळतो. आत पोरं हेडफोन लावून कॉम्प्युटरशी इंग्रजी बोलतात, नंदीच्या कानात मागणं सांगावं तशी, हळू, लाजत. नंदी गप्प तरी बसतो. हे यंत्र उलट शाबासकी देतं. मला जन्मात कुणी दिली नाही. मास्तरांनी छडी दिली, बापानं हाताला लागेल ते. म्हणून काल तास सुटल्यावर मीही हेडफोन चढवला आणि माझं नाव सांगितलं.

‘व्हेरी गुड!’

माझे डोळेच भरले. म्हातारपणी का होईना, कुणीतरी चांगलं म्हटलं.

शेजारी मॅडम वायरी गुंडाळत होत्या. म्हणाल्या, “मामा, उठा आता. सकाळी नुसता पंखा घरघरत होता, त्यालाही ते व्हेरी गुडच म्हणालं.”