अक्कांच्या डब्यातली चौथी वायर

सुमनअक्का फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नसत. उचलायचा, कानाला लावायचा आणि गप्प राहायचं. पलीकडचा माणूस गोंधळायचा, फोन लागला नाही असं समजून ठेवायच्या बेतात यायचा, तेवढ्यात अक्का शांतपणे ‘बोला’ म्हणायच्या. तेवढ्या वेळात त्यांना कळलेलं असायचं की माणूस घरातून बोलतोय की रस्त्यावरून, एकटा आहे की शेजारी कोणी कान लावून बसलंय. “आधी लाइन ऐकायची, मग तोंड उघडायचं,” हे त्यांचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते धुळ्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, ऑपरेटरच्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. आणि अर्थातच मानलं नाही.

मानणार कशी? मी जळगावच्या कॉलेजातून पदवी घेऊन आलेली. दोन वेण्या, हातात घड्याळ, आणि ते घड्याळ सगळ्यांना दिसावं म्हणून उगाचच डावा हात हलवत बोलायची खोड. माझं ‘हॅलो’ एवढं खणखणीत होतं की खालच्या पानटपरीवाल्याने एकदा वर बघून ‘काय बाई?’ म्हणून विचारलं होतं. अशा त्या हुशार मुलीने एका सकाळी पाचोऱ्याच्या कापूस व्यापाऱ्याला चुकून एरंडोलच्या एका वधूपित्याशी जोडून दिलं. व्यापारी विचारतोय, माल कसा आहे, कधी उचलायचा. वधूपिता आधी आदराने बोलत होता, मग त्याचा आवाज चढला. मी घाबरून जोडणीच्या बोर्डात खोचलेल्या दोन्ही कॉर्ड ओढून काढायला निघाले, तर अक्कांनी मागून माझं मनगट धरलं. स्वतः लाइनवर गेल्या आणि म्हणाल्या, “दोन्ही भाऊंना नमस्कार. तुम्ही दोघंही बरोबर आहात, फक्त एकमेकांचे नाहीत.” दोघंही हसले. मग माझ्याकडे वळून हळूच, त्यांच्या घरच्या अहिराणीत: “तू भलती हुशार शे नलू. आते ऐकाले शिक.”

अक्का उंच, हडकुळ्या, नऊवारी नीट चापूनचोपून. बोर्डासमोर बसल्या की अगदी शुद्ध मराठी, खुर्चीवरून उठल्या की अहिराणी. लग्नानंतर त्या एका दुमजली घरात राहायला आल्या. खाली त्या, वर धाकटी जाऊ कुसुम. एके काळी या दोघी उन्हाळ्यात गच्चीवर एकत्र बिबडे घालायच्या. ज्वारीचं पीठ शिजवायचं, पहाटे कापडावर पातळ पसरायचं, आणि ऊन चढायच्या आत खाली यायचं. एका उन्हाळ्यात मीठ जास्त झालं. कोणी टाकलं यावर दोघींचं एकमत होईना. गच्चीत मधोमध भिंत आली, जिना बाहेरून वेगळा झाला, आणि बोलणं बंद पडलं. पुढे दोघींचेही नवरे गेले. त्या दिवसांत दोघी एकमेकींच्या शेजारी बसल्या, पण बोलल्या नाहीत. काही सांगायचंच असलं तर दूधवाल्याला ऐकू जाईल असं, हवेत बोलायचं. दूधवाला दोन्हीकडे मान डोलवायचा.

एक्सचेंज यंत्रावर गेलं तेव्हा मी खात्याच्या कॉम्प्युटर विभागात गेले. तिथेही माझा थाट तोच. पहिला कॉम्प्युटर आला त्या दिवशी मी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि धूळ बसू नये म्हणून भरतकाम केलेलं कव्हर शिवलं. यंत्र चालू असतानाही कव्हर काढत नसे. ते तापून बंद पडायचं आणि मी सगळ्यांना सांगायची, नजर लागली. असो. पुढे शिकले, चांगलं शिकले, आणि निवृत्तीनंतर जळगावला घरी बसून लिनक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका फुकटच्या सॉफ्टवेअरच्या, नादी लागले. जुन्या, लोकांनी टाकून दिलेल्या मशीनमध्ये ते बसतं आणि मशीन पुन्हा धावायला लागतं, याचं मला अजून अप्रूप आहे. म्हातारपणी स्वतःबद्दलही तसंच वाटतं म्हणून असेल.

म्हणूनच अक्कांचा फोन आला. त्यांनी खालच्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या मुलींसाठी मराठी टायपिंगचा वर्ग सुरू केला होता. बंद पडलेल्या एका शाळेचे दोन जुने कॉम्प्युटर मिळाले होते. त्यांत जे काही होतं ते सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचं की मुली तोवर वेणी घालून घ्यायच्या. टायपिंगची परीक्षा तोंडावर आलेली. सराव झाला नाही तर दोघी-तिघींच्या घरचे म्हणणारच होते, झालं शिक्षण, आता बस. अक्कांनी मला एवढंच सांगितलं: “या पोरींची लाइन कापली जातेय नलू. तू ये.”

मी लॅपटॉप पिशवीत टाकून धुळ्याची एसटी धरली. पारोळ्यापर्यंत मनात सगळं इन्स्टॉल करून झालंसुद्धा.

प्रत्यक्षात दोन्ही मशीनचा सीडी ड्राइव्ह मेलेला आणि पेनड्राइव्हला ती ओळख देईनात. मी म्हटलं, हरकत नाही, नेटवर्कवरून घालू. ही रीत मला फार आवडते. मशीनमध्ये काहीच नसतं. सुरू झालं की ते वायरवर हाक मारतं, ‘मी कोण, माझा पत्ता काय, कुठून सुरू होऊ?’ माझा लॅपटॉप उत्तर देतो, पत्ता देतो, आणि इन्स्टॉलेशन कुठून उचलायचं तेही सांगतो. अक्कांच्या घरातला राउटरही असे पत्ते वाटतो, म्हणून त्याचं वाटप मी आधीच बंद केलं. दोघांनी उत्तर दिलं तर मशीन गोंधळतं.

मशीन तरीही गोंधळलं. एकदा नीट सुरू व्हायचं, पुढच्या वेळी पत्ता मिळायचा पण ‘फाइल सापडत नाही’ म्हणून थांबायचं. मी पुन्हा सुरू केलं, वायर बदलल्या, लॅपटॉपवरची सगळी सेटिंग्ज तपासली. चूक माझी नव्हती, आणि त्यामुळे मी जास्तच चिडले. अक्का शेजारच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, मशीनला मिळालेला पत्ता मी दिलेला आहे का. मी बघितलं. चांगल्या वेळी माझा होता, वाईट वेळी भलताच.

अक्का म्हणाल्या, “लाइनवर तिसरं कोनी तरी शे.”

मग मी राउटरच्या डब्यामागे बघितलं. चार वायरी. एक लॅपटॉपची, दोन मशीनच्या. चौथी खिडकीच्या झडपेतून बाहेर जात होती, पाइपाला बांधलेली, वर. मी ती उपटली. मशीन झटकन सुरू झालं, इन्स्टॉलेशन धावायला लागलं, आणि अर्ध्यावर थांबलं. उरलेला माल इंटरनेटवरून यायचा होता आणि इंटरनेट गायब. वायर परत खोचली, इंटरनेट आलं, आणि सोबत तो भलता पत्ता.

म्हणजे अक्कांच्या घरातलं इंटरनेट त्याच चौथ्या वायरीतून येत होतं. मागे एकदा त्यांचं नेट बरेच दिवस बंद होतं, कंपनीवाला येतो येतो म्हणत फिरकलाच नव्हता, आणि एका सकाळी ते आपोआप सुरू झालं होतं. अक्का समजल्या होत्या, देव पावला.

आता उपाय एकच. वरच्या, कुसुमच्या राउटरचं पत्ते वाटणं दुपारपुरतं थांबवायचं, आणि त्यासाठी त्याच्या बुडाला चिकटवलेला पासवर्ड हवा. मी म्हटलं, मी वर जाऊन मागते, मला काय, मी पाहुणी. अक्कांनी त्या वायरीवरून बोट फिरवलं. मग पदर खोचून उठल्या.

“नको. लाइन मन्ही शे. मीच जोडसू.”

त्या जिना चढल्या, गुडघ्यावर हात ठेवून, मी मागे. कुसुमच्या दारापाशी जाऊन थांबल्या आणि सवयीप्रमाणे गप्प उभ्या राहिल्या, आतला कानोसा घेत. आतून आवाज आला, “अक्का, जिन्यात तिसऱ्या पायरीपासून तुमचा दम ऐकू येतोय. या आत.”

अक्का उंबरठ्यावरच उभ्या. बोर्डावर बसल्यासारख्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, “तुझी वायर माझ्या घरात काय करते?”

कुसुम लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “तुमचं नेट बंद पडलं तेव्हा तुमच्या पोरी फोन घेऊन माझ्या पायऱ्यांवर येऊन बसायच्या. मला जिना झाडता येईना. वायरमनला म्हटलं, सोड एक खाली, म्हणजे कटकट जाईल.”

“मला सांगायचं होतं.”

“दूधवाल्याला सांगितलं होतं. विसरला असेल.”

अक्का हसल्या नाहीत. आत जाऊन तिच्या शेजारी बसल्या, ताटातला लसूण उचलला आणि सोलायला लागल्या. मी राउटर उलटा करून पासवर्ड लिहून घेतला. कुसुमने मला बजावलं की दुपारी तिची मालिका असते आणि त्या वेळी नेट बंद चालणार नाही. अक्का म्हणाल्या, खाली नलूचा लॅपटॉप चालू राहणार आहे, त्याच्यावर बघ. कुसुमने ताट बाजूला सारलं आणि खाली यायला चष्मा शोधायला लागली.

त्या दुपारी पहिलं मशीन वाटेत एकदाही न अडखळता पूर्ण झालं, मग दुसरं. लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात मालिका, दुसऱ्या कोपऱ्यात माझं काम, आणि मागे दोघी जावा मालिकेतल्या सासूला एकमताने शिव्या देत होत्या. मशीनवर मराठी अक्षरं उमटली तेव्हा अक्कांनी पहिलं वाक्य टाइप केलं: ‘मीठ कुसुमने टाकलं होतं.’ कुसुमने कीबोर्ड ओढून एक एक अक्षर शोधत खाली लिहिलं: ‘नाही.’ पुढच्या उन्हाळ्यात गच्चीतली भिंत होती तशीच होती, पण बिबडे दोन्ही बाजूंना वाळत घातलेले होते आणि कापडाचं एक टोक भिंतीवरून पलीकडे गेलं होतं.

मुली पास झाल्या. त्यांतली एक आता धुळ्यातच नोकरीला आहे.

यंदा अक्का गेल्या. मला कळवलं गल्लीतल्या मुलींनी, मी जाऊन आले, सगळं रीतसर झालं. नंतर महिन्याभराने मी सहज त्यांच्या खालच्या घराचा नंबर लावला. बंद असेल, वाजून वाजून थांबेल, असं धरून. कोणीतरी उचलला. मागे कीबोर्डचा टकटक आवाज, एका मुलीचं ‘काना राहिला, काना’. पण फोनवर काहीच नाही. नुसती शांतता, कोणीतरी लक्ष देऊन ऐकतंय अशी.

या खेपेला मीही तोंड उघडलं नाही. ऐकत राहिले.

मग कुसुम म्हणाली, “बोला नलूताई.”