पेठेतला पत्ता

जाहिरातींशी आमच्या मामेसासऱ्यांइतकं वैर अख्ख्या पुण्यात कुणी धरलं नसेल. राहतात कसब्यात, पण धायरीला आमच्याकडे आले की चपला काढता काढताच त्यांची नजर संगणकाकडे जाते. चहा येईपर्यंत त्यांनी नेटवर्क सेटिंग उघडून डीएनएसचे आकडे बदललेले असतात. याने नक्की होतं काय, असं मी एकदा विचारून बसलो. "सोपं आहे जावईबापू," मामा म्हणाले, "कुठली साइट कुठे राहते हे संगणक ज्याला विचारतो, तो माणूसच बदलायचा. आपला नवा माणूस जाहिरातवाल्यांचा पत्ता विचारला की सरळ 'माहीत नाही' म्हणतो. आम्ही पेठेत म्हणतो तसं."

जाहिराती जातात हे खरं. पण त्यांच्यामागोमाग कधी गॅसचं बुकिंग जातं, कधी मुलीच्या शाळेचं पान कोरं करकरीत उघडतं. तक्रार केली तर "गेलं ना? म्हणजे त्यातही जाहिरात होती," असं उत्तर मिळतं. नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, एवढंच काय, डॉक्टरांच्या दवाखान्यातलेही संगणक मामांनी असे सोवळ्यात नेऊन बसवलेत. वाद घालायचा मी कधीच सोडून दिला. माणूस थकतो हो.

बधल्या नाहीत त्या एकट्या मामी. विणता विणता त्या प्रत्येक जाहिरात शेवटपर्यंत बघायच्या. "एवढी नटूनथटून आलीय बिचारी, दोन शब्द ऐकून घ्यावेत," म्हणायच्या. माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, अशी मामांना सक्त ताकीद होती. गेल्या वर्षी मामी गेल्या. मामा आमच्यादेखत रडले नाहीत. तेरावं झाल्यावर आमच्याकडे आले आणि आकडे तेवढे तपासून गेले.

परवा विजेच्या बिलाचं पान काही केल्या उघडेना, म्हणून वैतागून मीच कसब्यात गेलो. मामा मामींच्या कॉम्प्युटरपुढे बसले होते. पडद्यावर लोकर, विणायच्या सुया, गुडघ्याचे पट्टे, नुसती जत्रा भरलेली.

"मामा, हा एक राहिलाच की!" मी माउसकडे हात नेला. "बदलू का आकडे?"

"नको!" त्यांनी माझा हात धरला. मग उगाच चष्मा पुसत बसले. "त्यांना अजून कळलेलं नाहीये. रोज येऊन विचारतात, लोकर हवी का म्हणून. तिची चौकशी करत येणारे आता एवढेच उरलेत हो."

खुर्ची ओढून मी शेजारी बसलो. गुलाबी लोकरीची एक जाहिरात सुरू झाली, ती आम्ही दोघांनी शेवटपर्यंत पाहिली. बिल मी दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहून भरलं.