चासीवरचा खडू

माझ्या वडिलांनी माझी जीप भंगारात घातली. ‘माझी’ म्हटलं की आई अजूनही मध्येच बोलते, "तुमा दोघांची म्हण." बरोबर आहे तिचं. दोघांची होती म्हणूनच एवढं लागलं. एकट्याची असती तर चार दिवस शिव्या देऊन विसरलो असतो.

आबा लष्करात ड्रायव्हर होते. सगळी नोकरी साहेबांना शेजारी बसवून जीप चालवण्यात गेली आणि डोंगरात कुठे ती बंद पडली की तिथेच खोलून जोडण्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी कडेगावजवळ रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली आणि उसाच्या ट्रॉल्यांचं वेल्डिंग सुरू केलं. हंगामात ट्रॉली मोडली की ट्रॅक्टरवाले वाटेतली दुकानं सोडून आबांकडे यायचे. त्यांच्या वेल्डिंगची ओळ करंजीच्या मुरडीसारखी यायची, एकसारखी, एका लयीत. "ट्रॉली आता दुसरीकडं मोडंल, हितं न्हाई," असं सांगून ते गिऱ्हाइकाला वाटेला लावत, आणि ट्रॉली खरंच दुसरीकडेच मोडायची.

मी साताऱ्याला एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी करतो. तयार झालेल्या पार्टला तडा आहे का ते बघायचं. लाल औषध मारायचं, पुसायचं, वर पांढरं फवारायचं. तडा असला की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आबा पोट धरून हसले होते. "ह्येच्यासाठी पगार देत्यात व्हय रं?" मग मला शेडमध्ये नेऊन एका जुन्या हुकावर त्यांनी डिझेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वर शाळेचा खडू घासला. थोड्या वेळानं पांढऱ्या खडूत एक काळपट रेघ वर आली. तड्यात मुरलेलं डिझेल खडूनं ओढून घेतलं होतं. "पयलं रॉकेल वापरायचो, आता मिळत न्हाई," ते म्हणाले. तडा आहे की नाही, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा तो रोखठोक कारभार. त्या दिवसापासून ते मला इन्स्पेक्टर म्हणायला लागले.

जीप आम्हाला जतकडे एका वस्तीवर मिळाली. लष्करातून निघालेली, कागद होते, पण इंजिन बसलेलं आणि मागच्या बाजूला कोकरं बांधलेली. आबा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. घरी आणल्यावर आई म्हणाली, "कोकरं तरी आणायची हुती." तिथून आमचे रविवार सुरू झाले. मी सकाळी साताऱ्याहून निघायचो आणि कराडमार्गे कडेगावला पोचायचो तोवर आबा पाने मांडून बसलेले असायचे. मी इंजिनावर, ते पत्र्यावर. बोलणं पाना दे, पाना घे एवढंच. पण आयुष्यात बापाजवळ इतका वेळ मी कधी नव्हतो. लहानपणी ते सुट्टीवर यायचे आणि मला कळायच्या आत परत जायचे. त्यामुळे त्या रविवारांना मी फार जपायचो, हे इथे सरळ सांगून टाकतो.

आईनं एकच अट घातली होती. जुन्या जीपला मागे आडवी बाकडी असतात, तिच्या गुडघ्यांना ती जमणार नव्हती. नीट पुढे तोंड करून बसता येईल अशी सीट हवी. त्यासाठी जीप वीतभर लांब करायला लागणार होती, म्हणजे चासी कापून मध्ये तुकडा घालून पुन्हा जोडायची. सगळा सांगाडा ज्या दोन दांड्यांवर उभा असतो त्या कापायच्या, हे काम खेळ नव्हे. तेव्हाच आबांनी ठरवलं, दसऱ्याला जीप रस्त्यावर आणायची आणि तिघांनी साताऱ्याला जायचं. "पयली फेरी तू चालवायची," ते मला म्हणाले. "जलमभर दुसऱ्याला शेजारी बसवलं. आता मी बसतो शेजारी." मी हसण्यावारी नेलं, पण नंतर आठवडाभर कारखान्यात मला तेच आठवत होतं.

वेल्डिंग आबांनी मला शेडमध्येच शिकवलं होतं. चासी आपण रविवारी दोघं जोडू, असं ठरलं होतं. पुढच्या रविवारी गेलो तर ती जोडून, वर लाल रंग मारून तयार.

"थांबायचं की आबा."

"दिवसा लाईट हुती. उरकून टाकलं."

मला वाईट वाटलं. तरी गमतीनं मी फळीवरचा खडू उचलला आणि म्हटलं, "इन्स्पेक्शन करू का?"

आबांचा चेहरा पडला. "माज्या कामाव खडू लावतूस?"

मी खडू होता तिथे ठेवला. त्यांच्या वेल्डिंगवर शंका घेणारा माणूस आमच्या तालुक्यात नव्हता, मी कोण लागून गेलो? आईनं चहा आणला. आबांनी कप बाजूच्या पिंपावर ठेवला. "निवू दे." वर्षभरापासून त्यांचं हे नवीनच होतं, गरम चहा सोसत नाही म्हणायचे आणि मी कामाला लागल्यावर कधीतरी पिऊन टाकायचे.

दसऱ्याच्या थोडं आधी आम्ही मागच्या सीटवर वाळूची पोती टाकून जीप उसातल्या वाटेनं फिरवून आणली. मी चालवत होतो, आबा खाली उभे राहून बघत होते. पाटाच्या उंचवट्यावरून उतरताना खालून कट्कन आवाज आला. मी थांबलो. "सीटचा बोल्ट असंल," आबा म्हणाले. मी मान डोलावली आणि संध्याकाळी साताऱ्याला परतलो.

पुढच्या रविवारी शेडमध्ये जीप नव्हती. ती उभी असायची तिथे तेलाचे डाग होते आणि चाकांना लावलेले दगड. आबा पाठमोरे बसून एका ट्रॉलीला ग्रीस लावत होते.

"जीप कुठं हाय?"

"दिली."

"कुणाला?"

"सांगलीच्या भंगारवाल्याला. आरटीओ पास करत न्हाई म्हणत्यात. चासी वाढवल्याली चालत न्हाई."

"मला फोन तरी करायचा."

"तू काय करणार हुतास?"

एवढं बोलून त्यांनी ग्रीसचा डबा पुढे ओढला. मान वर केली नाही. मी तसाच गाडीला किक मारून परत फिरलो. आई दारात ताट वाढून उभी होती, तिच्याकडेही बघितलं नाही. दसऱ्याला गेलो नाही. दिवाळीला गेलो ते ओवाळून घेऊन परत आलो. आबा आणि मी एका पंगतीला बसलो आणि भाजीत मीठ कमी आहे एवढंही बोललो नाही. सगळा राग मी आरटीओवर काढत होतो. कारखान्याच्या कँटीनमध्ये कुणी गाडीचा विषय काढला की माझं कीर्तन सुरू व्हायचं. सरकारी खात्याला शिव्या घालायला आपल्याकडे सोबत लगेच मिळते, त्यामुळे तेवढे दिवस बरे गेले.

मग कराडला एका लग्नात आमच्याकडचा गाड्यांच्या कागदपत्रांचं बघणारा एजंट भेटला. जेवून हात धुताना त्यानंच विचारलं, "तुमच्या जीपचं काय झालं वो? आबा कागद घिऊन येतो म्हणले आणि आलंच न्हाईत."

"पास होत नाही असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी कशाला सांगीन? वाढवल्याल्या चासीचं अवघड असतंय, पर विचारल्याबिगर कसं कळणार? मी वाट बघत हुतो त्यांची."

आबा खोटं बोलले होते. आमच्या घरात दारू नव्हती, भांडण नव्हतं आणि खोटं नव्हतं. निदान आबांचं नव्हतं. साधा उशीर झाला तरी खरं कारण सांग म्हणून लहानपणी त्यांनी मला उन्हात उभं केलेलं आहे. आणि माझ्या मात्र तोंडाला पानं पुसली. जीप भंगारात गेलीच नसणार, असं मी ठरवून टाकलं. कुणा पुढाऱ्याच्या पोराला मिरवणुकीसाठी आवडली असेल आणि आबांना भिडेपोटी नाही म्हणवलं नसेल. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

आईकडून भंगारवाल्याचा ठावठिकाणा घेतला आणि सांगलीला गेलो. हळदीच्या पेठेच्या मागच्या अंगाला त्याचं आवार होतं. वाटेतल्या भिंतीसुद्धा पिवळ्या. आवाराचे मालक, म्हातारे चाचा, पत्र्याखाली खुर्ची टाकून बसले होते. मी जीपचं नाव काढल्याबरोबर त्यांनी मला नीट बघून घेतलं.

"तू त्या मिलिट्रीवाल्याचा मुलगा?"

"हो. कुणाला विकली जीप?"

"इंजिन गेलं, चाकं गेली. चासी तेवढी पडून हाय." ते उठले. "मी तुज्या वडलांना म्हणलो, चासी दणकट दिसती, एखाद्याला बसवून दिऊ. तर त्यांनी हात जोडले. हिच्याव माणूस बसाय नको, माज्यासमोर कापा म्हणले. गॅस कटर लावला. कापून पडंपर्यंत उभे हुते, मग गेले."

पत्र्याखाली एका कोपऱ्यात ते तुकडे होते. ज्या तुकड्यात आबांनी घातलेला जोड होता, तो मी ओढून उजेडात आणला. जोडावरचा लाल रंग खरवडून काढलेला होता. त्यावर खडू होता. खडूत, जोडाच्या कडेनं, बोटभर लांब काळपट रेघ.

मी ती रेघ कितीतरी वेळ बघत बसलो. तडे तर मी रोज बघतो. मला उठू देत नव्हतं ते तिच्या शेजारचं वेल्डिंग. ती करंजीची मुरड नव्हती. ओळ इकडून तिकडे भरकटलेली, मध्ये भोकं, एका जागी धातूचा ढीग तर पुढे नुसतीच जाळलेली पट्टी. नवशिक्यानंसुद्धा लाजावं असं काम होतं. आणि मी नसताना शेडमध्ये आबांशिवाय वेल्डिंगचा होल्डर हातात धरणारं कुणी नव्हतं. म्हणजे त्यांचा हात थरथरायला लागला होता. मग निवू दिलेला चहा आठवला, रविवारच्या आत उरकलेला जोड आठवला, घाईनं मारलेला लाल रंग आठवला. उसातल्या वाटेवरचा तो आवाज त्यांनी माझ्याआधी ओळखला होता. मी साताऱ्याला परतल्यावर त्यांनी एकट्यानं जीपखाली शिरून रंग खरवडला असणार, डिझेल चोळलं असणार आणि स्वतःच्या कामावर स्वतः खडू लावला असणार.

इथे मला कीव यायला हवी होती, असं हे ऐकणारे सगळे म्हणतात. मला राग आला. आधीपेक्षा जास्त.

तो तुकडा मागून घेतला, गाडीला मागे बांधला आणि तसाच कडेगावला आलो. आबा शेडबाहेर बाकड्यावर बसले होते. शेडमध्ये एकही ट्रॉली नव्हती, आणि हंगाम तर भरात होता. हेही माझ्या त्या वेळी ध्यानात आलं. मी तुकडा त्यांच्या पायाशी ठेवला. त्यांनी एकदा बघितलं आणि नजर रस्त्यावर लावली. आई चहाचे दोन कप घेऊन आली, तो तुकडा बघून काही न बोलता कप ठेवून आत गेली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

"आरटीओचं खोटं कशाला सांगितलं आबा?"

"फुटली असती रस्त्याव. तुजी आई मागं बसणार हुती."

"मग तेवढं सांगायचं. जोड फुटलाय म्हणायचं. मी परत मारला असता. एका रविवारचं काम होतं."

उजवा हात त्यांनी मांडीखाली घातला होता.

"व्हय," ते म्हणाले. "मारला असतास. लय चांगला मारला असतास. मीच शिकवलंय तुला." मग म्हणाले, "त्येच नको हुतं."

"आणि मी एवढे दिवस बोललो नाही ते?"

"राग हुता तो. राग परवडतो गड्या."

त्यांनी हिशेब करून माझा राग निवडला होता. मी घरी यायचं सोडलं, पंगतीला तोंड फिरवलं, हे सगळं त्यांनी गृहीत धरलं होतं आणि पत्करलं होतं. पण शेजारी बसून माझ्या हातात होल्डर द्यायचा, हे त्यांनी पत्करलं नाही. माझ्यासमोर हात थरथरला असता तर मी काय केलं असतं, हे त्यांनी मला कधी विचारलंच नाही. मी हसलो नसतो आबा, असं म्हणावंसं वाटलं. नाही म्हटलं. जीपचं मी केव्हाच सोडून दिलं आहे, लोखंड ते, गेलं. पण इतके रविवार एका गाडीखाली खांद्याला खांदा लावून झोपल्यावरही ते मला त्या साहेबांसारखंच समजत होते, ज्यांना काही बिघडलंय हे कधी कळू द्यायचं नसतं. ही फसवणूक माझ्या मनातून जात नाही.

"चहा घ्या, गार व्हतुया," आतून आई म्हणाली.

मी माझा कप संपवला. आबांनी त्यांच्या कपाकडे बघितलंही नाही. "निवू दे," ते म्हणाले. आता तर मला सगळं माहीत होतं, तरी म्हणाले.

येतो, असं सांगून मी गाडीवर बसलो आणि रस्त्याला लागलो. वळणाच्या आधी आरशात शेड दिसते. आबांनी मी गेल्याची खात्री केली, मांडीखालचा हात काढला आणि दोन्ही हातांनी धरून कप तोंडाला लावला.