शेवंताने पाहिलं ते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तिच्या शेवटच्या आजारातही नाही — आणि शेवंताला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आमच्या गावचे नाही. कदाचित एवढंच कारण असेल.

आमचं गाव ब्रह्मपुरीहून जीपने तासाभरावर, जंगलाला लागून. शेवंता माझी शेजारीण. ती गोंड, आम्ही बौद्ध. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आलो, म्हणून गट्टी जमली. माझ्या पहिल्या बाळंतपणात आई येऊन पोचेपर्यंत बाळाला न्हाऊ घालणारी शेवंताच. ती फार खात्रीची बाई होती. रानात वाट चुकलो तर तिला विचारायचं. बाजारात वजनावरून दुकानदाराशी भांडायची आणि दर वेळी तिचंच बरोबर निघायचं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे तिचं हेच गेलं.

बारा वर्षं झाली त्याला. मोहफुलांचे दिवस होते. उजाडायच्या सुमारास आम्ही पाच जणी वेचायला गेलो. मोह अस्वलालाही आवडतो, म्हणून एकटीने जायचं नाही हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण रानात गेल्यावर तिघी पुढच्या झाडांकडे गेल्या आणि आम्ही दोघी अलीकडेच थांबलो. शेवंता खाली वाकून फुलं वेचत होती. मी तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, कोरड्या नाल्याच्या काठाला होते.

अस्वल झुडपातून निघालं आणि सरळ तिच्या अंगावर गेलं.

गावात मी सांगितलं ते असं — अस्वल दिसताच मी माणसं बोलवायला गावाकडे धावले. शेवंताच्या किंकाळ्या ऐकून त्या तिघी आल्या, त्यांनी ओरडून, काठ्या आपटून अस्वल हाकललं, आणि मी अर्ध्या वाटेतून परत फिरले. सगळ्यांना ते पटलं. न पटण्यासारखं त्यात होतं तरी काय?

शेवंता वाचली. डावा डोळा गेला, गालाचं हाड बसवावं लागलं. आधी ब्रह्मपुरी, मग नागपूर — दीड महिन्याने ती घरी आली. मी भाकरी आणि पातळ वरण घेऊन गेले. तिचा नवरा मनिराम बाहेर गेला तशी ती हळूच म्हणाली, "माया, तू नाल्यात बसून होती ना? मले दिसली तू. मी हाक मारली तुले."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त जुळवायचं होतं — काय झालं, कशानंतर काय झालं. त्या वेळी मी हो म्हणू शकले असते. घरात तिसरं कुणी नव्हतं.

"नाई वं," मी म्हणाले. "मी तं गावाकडे पळाली होती. तू बेशुद्ध होती शेवंता. भास झाला असन तुले."

तिने वरणाची वाटी जवळ ओढली. मग म्हणाली, "असन."

पुढचे महिने वाईट गेले. तिला झोप लागेना. कुत्रं जवळून गेलं तरी ती किंचाळून भिंतीला चिकटायची. दवाखान्यात मन सावरायला मदत करणाऱ्या एक मॅडम दर आठवड्याला बसायच्या. मनिरामला मजुरी सोडून जाता येईना, म्हणून तिला मीच न्यायची. हेही गावात माझ्या चांगुलपणात जमा झालं.

मॅडम चांगल्या होत्या. शेवंता त्यांनाही नाल्याबद्दल सांगायची, पुन्हा पुन्हा. एकदा त्यांनी मला एकटीला आत बोलावलं आणि तुम्ही नेमक्या कुठे होतात असं विचारलं. मी गावाकडे धावल्याचं सांगितलं. त्यांनी मान डोलवली. भीतीच्या वेळी आठवणी कधी कधी सरमिसळ होतात, असं पुढे त्यांनी शेवंताला समजावलं. त्यांची काय चूक? साक्षीदार मी होते. जाताना त्यांनी मला विचारलं — त्या वेळी तिथे तुम्हीही होतात, तुम्हाला झोप लागते का? मी म्हणाले, लागते. लागत नव्हती. पण ते सांगायला गेले असते तर बाकीचंही निघालं असतं.

त्यानंतर शेवंताने आपल्या नजरेवरचा विश्वास सोडला. उरलेल्या डोळ्याला नीट दिसत होतं, तरी ती विचारायची, "माया, तिथी गाय उभी आहे ना?" मी हो म्हटल्यावरच पुढे जायची. चूल विझली का हे ती मुलीला तीनदा बघायला लावायची. दुकानदाराशी भांडणं बंद झालं. तो म्हणेल ते वजन. लोक म्हणायचे, अस्वलाने तिचं धाडस नेलं. मीही तसंच म्हणायची.

आता खरं सांगते. मी कुठेही धावले नाही. अस्वल आलं तशी मी नाल्यात उतरले आणि पळसाच्या झुडपाआड बसले. हातात काठी होती. गळ्यात आवाज होता. मी पदर तोंडात कोंबला. फांद्यांमधून मला सगळं दिसत होतं, आणि तिलाही मी दिसत होते. तिने माझं नाव घेऊन हाक मारली — दोनदा. दुसऱ्या वेळी आमची नजरानजर झाली. मी मान खाली घातली. त्या तिघींचे आवाज जवळ आले, तेव्हा मी नाल्यातून थोडी पुढे सरकले आणि गावाच्या बाजूने वर चढून धावत आले.

घाबरणं समजू शकतं, असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण तिच्या घरात भाकरी घेऊन बसले होते तेव्हा कुठे होतं अस्वल?

शेवंता सावरली, हेही सांगायला हवं. चार-पाच वर्षं गेली त्यात. मॅडमनी सांगितलेलं ती नेमाने करायची. मोहाखाली जाऊन उभी राहायची — आधी मनिरामसोबत, मग एकटी. आता आजूबाजूच्या गावांत कुणावर असं काही ओढवलं की लोक तिला बोलावतात. ती जाते, शेजारी बसते. आणि मी? मीही सावरले. मला आता छान झोप लागते.

गेल्या वर्षी बचत गटाच्या बैठकीला एक बाई आली होती. जीप उलटून तिचा भाऊ गेला होता; तीही त्याच जीपमध्ये होती. ती सांगत होती की जीप उलटायच्या आधी ड्रायव्हर मोबाइलवर बोलत होता, तिने डोळ्यांनी पाहिलं. घरचे म्हणत होते, तू तर बेशुद्ध होतीस. पोलिसांच्या चौकशीत पाहिलेलं सांगू की नको, हे तिला कळत नव्हतं.

शेवंता तिच्याजवळ सरकली. हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, भेवात डोळे काईबी दाखवते. मले तं ही माया नाल्यात बसलेली दिसली होती. खरं काय होतं ते विचार हिलेच."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

"मी नव्हती तिथी," मी म्हणाले.

त्या बाईने खाली बघितलं. ड्रायव्हरचं ती पुन्हा काही बोलली नाही. चौकशीतही तिने काही पाहिल्याचं सांगितलं नाही, असं नंतर कानावर आलं.

बैठक आटोपून आम्ही दोघी घरी निघालो. शेवंता खुशीत होती. वाटेत म्हणाली, "तू सोबत होती म्हणून तिले पटलं."

मी हूं म्हटलं, आणि आम्ही चालत राहिलो.