तळवेबुवा आणि माझे चढाईचे बूट

आमच्या तळ्यामागे ग्रॅनाइटचे उंच कडे आहेत. तिथे चढणारी मंडळी झिजलेल्या बुटांना नवे रबरी तळ बसवून घ्यायला उतारावरच्या दुकानात येतात. दुकानदाराला सगळे तळवेबुवा म्हणतात. स्वतः स्टुलावर चढायचं म्हटलं तरी त्यांचे पाय लटपटतात. पण बूट उलटा केला की माणसाची कुंडली मांडतात. "घाबरलात की उजवा पाय घासता तुम्ही," असं त्यांनी एका आडदांड गड्याला चारचौघांत सुनावलं होतं. तो कानापर्यंत लाल झाला.

त्यांची बायको वर्षभर चोरून कड्यावर चढत होती. बुवांना वाटे, ती दुपारी माझ्याकडे विणकाम शिकते. रविवारी तिला तळ्यावर झुकलेला मोठा कडा चढायचा होता आणि नेमकं डाव्या बुटाला अंगठ्यापाशी भोक पडलं. दुसरा कारागीर पंचक्रोशीत नाही.

"यांना कळलं तर घराबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत. काहीतरी करा ना, काकू!"

कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी पट्टीच्या जोरावर मला खरं बोलायला शिकवलं होतं. तरी त्या मंगळवारी माझ्या डायरीत नोंद आहे : 'सकाळी दहा वाजून पाच. खोटं बोलले.'

"कोणाचे हे?" मी दुकानात नेलेले बूट बघत बुवांनी विचारलं.

"माझे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्या काठीकडे पाहिलं. "गेल्या वर्षी गुडघा बदललात ना?"

"म्हणून तर जोर आलाय. रविवारी तळ्यावरचा मोठा कडा चढणार आहे."

त्यांनी डावा बूट उलटा केला, आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. फिरवतच राहिले.

"या पायाला आतून एक जादा पट्टी लागते," ते हळूच म्हणाले. "असा एकच पाय मला माहीत आहे. तीस वर्षं त्याच्या चपला मीच करतोय." मग बूट सरळ करत, "तिला त्या कड्याची भीती नाही वाटत?"

"तुमची वाटते."

त्यांनी बूट फळीवर ठेवला. "शनिवारी न्या."

शनिवारी डाव्या बुटात पट्टी होती, शिवण दुहेरी होती. "नीट लक्षात ठेवा हं, काकू," बुवा गंभीर चेहऱ्याने मला म्हणाले, "डाव्या पायावर बिनधास्त भार टाकायचा. आता सरकणार नाही."

रविवारी मी तळ्याकाठी गेले, तर बुवा आधीच बाकावर, कड्याकडे पाठ करून बसलेले.

"कुठवर पोचलात, काकू?"

"अर्ध्यावर."

"डावा पाय?"

"घट्ट आहे."

असं पाऊण तास चाललं. माझी मान आखडली, त्यांचा रुमाल पिळून पिळून चिंधी झाला.

"पोचले!" मी ओरडले.

बुवा गर्रकन वळले. ती माथ्यावर उभी होती, बोटाएवढी. तिला आपण दिसावं म्हणून हा माणूस चक्क बाकावर चढला आणि दोन्ही हात हलवू लागला. पाय लटपटत होतेच.

वरून तिची हाक तळ्यावर घुमली, "अहो! आधी खाली उतरा! पडाल!"