ऐकत नाही म्हणून

अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी रुईची प्रत तपासायचो. गाठ बांधण्याआधी मूठभर रुई उचलायची, चिमटीत ओढून तंतूची लांबी बघायची, कचरा किती ते बघायचं आणि माल चालेल की नाही ते सांगायचं. माझ्या नजरेवर मालकांचा भरवसा होता.

एका हंगामात रुईत सरकीचे तुकडे येऊ लागले. यंत्रावरचा कामगार हलगर्जी आहे, त्याला काढा, असं मालकांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, "थांबा, आधी पाहू द्या." दोन दिवस त्या यंत्राजवळ उभा राहिलो. पातं नीट बसलेलं नव्हतं. माणसाची काहीच चूक नव्हती. पातं बसवलं, रुई स्वच्छ येऊ लागली. मालकांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली.

त्याच हिवाळ्यात घरी मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला मारत होतो.

ती ऐकत नसे. हाक मारली तर वळून बघायची नाही. पाणी आण म्हटलं तर भलतंच काही घेऊन यायची. मुलगी लक्ष देत नाही, अशी शाळेतून बाईंची चिठ्ठी आली. मी तिला समोर उभी करून पाढे विचारायचो आणि चुकली की कानाखाली द्यायचो.

बायको म्हणाली, "तिचा कान वाहून राहिला. एकडाव दवाखान्यात तं दाखवा."

"तेल टाक," मी म्हटलं. "कान वाह्यते म्हणून अक्कलही वाहून जाते काय?"

उन्हाळ्याच्या तोंडी कानातून रक्त आलं, तेव्हा तिला अमरावतीला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तिच्या पाठीमागे उभे राहून तिच्याशी बोलले. ती माझ्याकडे बघत, पाय हलवत बसून राहिली.

"एका कानाचा पडदा गेलाय. दुसऱ्यानं थोडंफार ऐकू येतं," डॉक्टर म्हणाले. "कधीपासून आहे हे?"

कान वाहतो, एवढंच मी सांगितलं.

"हिला कोणी मारतं का?"

मी नकारार्थी मान हलवली. ते कागदावर लिहीत राहिले.

परतीच्या बसमध्ये मी तिच्या शेजारी बसलो होतो. बडनेरा गेल्यावर कसंबसं म्हटलं, "माह्यं चुकलं, बाई." बसच्या खडखडाटात तिला काय कळणार! तिनं माझे हलणारे ओठ पाहिले, डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. मी हात काढायला गेलो, तशी ती अंग चोरून खिडकीला चिकटली. मूर्तिजापूर येईपर्यंत तिनं हात खाली घेतले नाहीत.

त्यानंतर मी तिच्यावर कधी हात उगारला नाही. शाळेत तिला पहिल्या बाकावर बसवलं. पण पुढच्याच वर्षी तिनं शाळा सोडली. शिवण शिकली. दर्यापूरला लग्न झालं. माहेरी आली की आईच्या ओठांकडे बघत तासन्‌तास गप्पा मारायची. मी आत आलो की उठून चहा टाकायची.

एकदा ती आलेली असताना तिच्या लहान लेकीचा कान दुखू लागला. पोर नुसती किरकिर करत होती. हिनं लगेच पातळ बदललं, अमरावतीला जायला निघाली. मी तिच्या समोर जाऊन, तिला दिसेल असं सावकाश विचारलं, "मी येऊ काय संगं?"

"नको, बाबा," ती म्हणाली. "मी नेईन तिले."

आणि लेकीला कडेवर घेऊन ती एकटीच गेली.